नव्वद रुपयांचं नेतीपात्र, सोयाबीनच्या हंगामात वापरलेलं

थ्रेशर लागला की माझं नाक बंद. कुटाराची धूळ पार अंगणापर्यंत येते, त्यात धुऱ्यावरचं गाजर गवत फुललेलं. सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका, दुपारी कपाळ जड, रात्री तोंडाने श्वास. गोळी घेतली की झोप येते, आणि मी झोपले तर ढोरांचं कोण पाहणार? शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं.

त्यासाठी आधी वर्ध्याहून तांब्याचं नेतीपात्र, म्हणजे नाक धुवायचं तोटीचं भांडं, आणलं, साडेतीनशेचं. देवघरात ठेवावं इतकं देखणं. पण महिन्याभरात तोटीच्या सांध्याशी हिरवट थर धरला. मिठाचं पाणी तांब्याला सोसत नाही, आणि तोटी आतून घासता येत नाही. मग हे प्लास्टिकचं घेतलं. पारदर्शक आहे, त्यामुळे आत मळ साचला तर लगेच दिसतो. तोटीचं टोक निमुळतं, नाकपुडीत बरोबर बसतं, बाजूने पाणी गळत नाही. पाव लिटरच्या आसपास मावतं, म्हणून दोन्ही नाकपुड्यांसाठी मी दोनदा भरते. एक उणीव आहे: मापाची रेघ नाही.

माझी खरी तक्रार सोबतच्या चिठ्ठीबद्दल आहे. तिच्यात एवढंच छापलंय, "कोमट पाणी घ्यावे." उकळण्याचा शब्द नाही! आमच्याकडे कोमट म्हणजे विहिरीच्या गार पाण्यात थोडं गरम ओतलेलं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं म्हणून मी वाचले. गोड्या पाण्यात एक अमिबा असू शकतो. पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि त्यातून माणूस क्वचितच वाचतो. केरळात 2024 आणि 2025 मध्ये असे रुग्ण सापडले. म्हणून पिण्याचं पाणी चांगलं आहे एवढ्यावर जाऊ नका. आरओच्या कॅनचं असलं तरी उकळा. खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तरी राहू द्या आणि झाकून निवू द्या. मी रात्रीच पातेलं ठेवते.

मीठ अर्धा लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे लहान चमचा, काठोकाठ नाही. सुरुवातीला मी अंदाजाने चिमूटभर टाकलं तर डोळ्यांतून पाणी आलं. आपल्या अंगातल्या पाण्याइतकं खारट असलं तर झोंबत नाही, कमी किंवा जास्त झालं की झोंबतं. खडे मीठ वापरलं तेव्हा तळाशी माती बसली, ते सोडलं.

मोरीपाशी वाकायचं, मान एका कुशीला, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास. वरच्या नाकपुडीतून ओतलं की खालच्यातून येतं, धुळीचा काळपट शेंबूड घेऊन. मग दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळूच शिंकरायचं. जोर केला की कानात दडा बसतो. तासाभराने चुलीपाशी वाकले की उरलेलं पाणी अचानक टपकतं. तेव्हा घाबरू नका. नाक पूर्ण बंद असेल त्या दिवशी मात्र जबरदस्तीने ओतू नका. पात्र दर वेळी उकळलेल्या पाण्याने धुऊन उन्हात पालथं घालते.

ॲलर्जी गेली असं मी म्हणणार नाही. गवत फुललं की शिंका येतातच. पण नाकातली धूळ-पराग धुवून निघतात, रात्री नाकाने श्वास येतो, गोळी आठवड्यातून एखादी लागते. नव्वद रुपयांत मला हे फार वाटतं.

सासूबाई पहिल्या दिवशी ओरडल्या होत्या, "काय करून राह्यली वो, नाकात पानी घालतं काय कोनी?" आता त्याच मागतात. पण त्यांचा डावा कान वाहतो, म्हणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी त्यांना देणार नाही. बुधवारी घेऊन जाते आहे.