मामांची टाटामोबाईल नागपूरहून बेंगळुरूला : उस्तादला पाच स्टार, ऑफिसला दोन

कंपनीचं नाव टाकत नाही, कारण त्यांच्या ड्रायव्हरचं, म्हणजे उस्तादचं, कौतुकपण आहे आणि ऑफिसची तक्रारपण आहे. नागपूरला लागून वाडी आहे, तिथं अमरावती रोडला ट्रान्सपोर्टवाल्यांचे जे यार्ड आहेत त्यातलंच एक समजा. जुनी पिकअप, जीप असं काही दुसऱ्या राज्यात पाठवून राहिले असाल तर पूर्ण वाचा, नवीन क्रेटा-नेक्सॉन पाठवायची असेल तर तुम्हाला एवढ्या भानगडीची गरज नाही.

गाडी म्हणजे टाटामोबाईल २०६, ९३ ची, डिझेल, पांढरी प्लेट. टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, १९८८ ला काढलेला हा पिकअप, आणि ह्याच प्लॅटफॉर्मवर पुढे १९९१ ला सिएरा आली न मग एस्टेट आली. आज जे लोक जुन्या सिएरासाठी जीव टाकून राहिले त्यांनी हिच्याकडेपण जरा बघावं, पण नाही, पिकअपला कोण विचारते. मामांनी काटोलच्या घरच्या बागेतून कळमन्याच्या मार्केटात हिच्यात संत्री आणली, आंबिया बहाराच्या टायमाला हौदा काठोकाठ. आता मामांना गुडघ्यांमुळे क्लच झेपत नाही आणि माझी बदली बेंगळुरूला झाली, तर गाडी माझ्या नावावर केली. मामा फक्त एवढंच बोलले, "नेतो तर ने बाप्पा, पण कोणाले चाबी देऊन चालवू नको देऊ."

आता ही अट ऐकायला सोपी वाटते पण ट्रान्सपोर्टच्या धंद्यात हीच सगळ्यात अवघड आहे, कसं ते सांगतो.

पहिले तर स्वतःच चालवत नेऊ असं डोक्यात होतं. रस्ता सरळ आहे, एनएच ४४, बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, पांढरकवडा, पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, मग हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, अकराशेच्या आसपास किलोमीटर. पण मे महिना, गाडीत एसी नाही, आणि रेडिएटर जुना. मिस्त्री म्हणे दादा गाडी जाईल, तुम्ही जाल का ते सांगा. बायकोनं तर विषयच बंद केला. रेल्वेचंपण विचारून पाहिलं, बाईक पार्सलमध्ये टाकी रिकामी करून जाते, पण गाड्यांचे रेल्वेचे डबे असतात ते कंपन्यांच्या नव्या गाड्यांचे पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडीच असते, आपल्या एका पिकअपसाठी कोणी रेक लावत नाही.

मग राहिले कार कॅरिअर. एका वेबसाईटवर नंबर टाकला तर पुढचे कितीतरी दिवस फोन थांबेचना, कोण गुडगाववरून बोलून राहिला, कोण पुण्यावरून, गाडी कोणी पाहिली नाही पण रेट सगळ्यांकडे तयार. आठ गाड्यांचा जो बंद कंटेनर असतो त्यात जागा शेअर करायचा भाव पंधरा हजाराच्या आसपास निघाला, स्वस्त आहे, पण तो कंटेनर गल्लीत येत नाही, आमच्या मानेवाड्यात तर शक्यच नाही. म्हणजे "डोअर टू डोअर" म्हणतात त्याचा अर्थ असा की त्यांचा ड्रायव्हर घरी येणार, तुमची गाडी चालवत यार्डात नेणार, रॅम्पवरून चढवणार, तिकडे बेंगळुरूच्या बाहेर नेलमंगलला उतरवून परत दुसरा कोणी ड्रायव्हर चालवत घरी आणणार. म्हणजे चाबी कमीत कमी दोन अनोळखी माणसांच्या हातात. आता ज्या पोट्ट्याचा जन्म २००३ चा आहे त्याला डिझेल इंजिनचा हीटर गरम व्हायची वाट पाहून मग सेल्फ मारायचा हे कोण सांगणार, दुसरा गिअर जरा डावीकडे ढकलून घ्यावा लागतो हे कोण सांगणार.

दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या बाजूची लांबी. कंटेनरमध्ये जागा सेडान-हॅचबॅकच्या हिशेबानं लावतात, पिकअपचा हौदा चाकाच्या मागे बराच बाहेर असते, चढताना रॅम्पला टेकते. आणि एकानं बरोबर प्रश्न विचारला, "साहेब ऑइल गळते का?" म्हटलं थोडंसं गळते, तीस वर्षाची गाडी आहे. मग म्हणे वरच्या मजल्यावर घेणार नाही, खालच्या गाडीच्या बोनेटवर टपकते, खालची जागा रिकामी होईपर्यंत थांबा. फोनवर बोललेल्यांपैकी हा एकच मला धंदा कळणारा वाटला, आणि तो निघाला वाडीचा. म्हणून त्यांच्याकडे गेलो, पण कंटेनर नाही, सिंगल फ्लॅटबेड घेतला, म्हणजे उघडा सपाट ट्रक, त्यावर फक्त आपलीच गाडी. पैसे जवळपास अडीचपट. घरात यावर जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

ऑफिसचा अनुभव. एसी केबिनमधल्या साहेबांनी बुकिंग घेतानाच बिल्टीवर (माल बुक केल्याच्या पावतीवर) "ओनर्स रिस्क", म्हणजे नुकसान झालं तर मालकाचं, असा शिक्का मारला आणि म्हणे सगळेच करतात, सही करा. इथं थांबा. रोडने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आहे आणि २०११ चे नियम आहेत, त्यात किंमत जाहीर करून जास्तीचा रिस्क रेट भरला नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापट इतकीच असते, आणि तेपण फॉर्मवर लिहिलेल्या किमतीच्या वर नाही. म्हणजे तुम्ही आळस करून गाडीची किंमत पन्नास हजार लिहिली तर विषय तिथंच संपला. नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर कोर्टात दारच उघडत नाही. मी शिक्का खोडायला लावला, किंमत मिस्त्रीकडून आणि एका ओळखीच्या जुन्या गाडीवाल्याकडून लेखी घेऊन ती टाकली, आणि ट्रान्झिट इन्शुरन्स वेगळा काढला. साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं पण केलं त्यांनी.

इन्शुरन्सचं एक लोकांना माहीत नसते, कॉम्प्रिहेन्सिव्ह मोटर पॉलिसीत गाडी रोडने, रेल्वेने दुसऱ्या वाहनावर जात असताना झालेलं नुकसानपण धरलेलं असते, पॉलिसीच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. पण जुन्या गाड्यांना आपण फक्त थर्ड पार्टी घेऊन ठेवतो, मामांचीपण तशीच होती, तर त्याचा काहीच उपयोग नाही.

ई-वे बिलावरून (माल नेताना लागते ते जीएसटीचं ऑनलाइन बिल) ऑफिसनं उगाच अर्धा दिवस खाल्ला. वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला ई-वे बिल लागत नाही, आपल्या नावावरची आपली जुनी गाडी आपण घर बदलताना नेऊन राहिलो तर तसं साध्या कागदावर लिहून, सोबत आरसीची कॉपी आणि बदलीची ऑर्डर लावली की झालं. हे ज्याचा रोजचा धंदा आहे त्याला मी सांगायचं म्हणजे काय. ट्रॅकिंगची लिंक दिली ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाडीतच उभी होती. दोन स्टार त्यासाठीच.

आता उस्ताद. फ्लॅटबेडचा ड्रायव्हर, पन्नाशीचा माणूस, वर्ध्याकडचा, सोबत एक क्लीनर पोरगा. आल्याबरोबर चाबी मागितलीच नाही! गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून चेसिस पाहिली, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) पाहिले आणि म्हणे, "भाऊ तुम्हीच बसा स्टेअरिंगवर, मी विंचनं ओढतो, तुम्ही फक्त सरळ ठेवा न ब्रेकवर पाय ठेवा." मला तिथंच अर्धे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. रॅम्पच्या खाली लाकडाचे ठोकळे टाकून चढ कमी केला म्हणून हौद्याची मागची बाजू टेकली नाही.

बांधणी कशी केली ते नीट लिहितो कारण इथंच लोकांच्या गाड्या खराब होतात. क्लीनर साखळी घेऊन चेसिसला लावायला गेला तर उस्तादनं त्याला हाणलंच जवळपास. पिकअप रिकामी असली की मागचे पाटे लय कडक असतात, लोडसाठी बनवलेले आहेत ते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला मागचा भाग उडतो. चेसिसला साखळी बांधली तर गाडी खाली दबली की साखळी ढिली आणि वर आली की झटका, असं अकराशे किलोमीटर चाललं तर जुनी चेसिस, तिचे ब्रॅकेट, पाट्यांचे हँगर कशाचीच गॅरंटी नाही. त्यानं चारही टायरवरून रॅचेटचे चपटे पट्टे टाकले, चाकं फ्लॅटबेडला पक्की आणि वरची बॉडी आपल्या पाट्यांवर मोकळी हलू दिली. पुढे-मागे लाकडी गुटके, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पण म्हणे हँडब्रेकवर भरोसा नाही ठेवायचा, जुन्या गाडीची केबल आहे.

फाळक्याची कडी जुनी होती, ती हलून उघडू नये म्हणून तारेनं बांधली. बोनेटलापण एक पट्टा. मी हौसेनं नवीन कव्हर घेऊन आलो होतो, ते त्यानं घडी करून केबिनमध्ये टाकलं, उघड्या गाडीवर कव्हर हवेनं फडफडते आणि आतली धूळ पत्र्यावर सँडपेपरसारखी घासते, पेंट जातो. बॅटरीची तार काढली, टाकीत डिझेल पाव भागच ठेवलं.

हौद्यात सामान भरायचं का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो, आमच्या घरीपण पडला. बायको म्हणे एवढा रिकामा हौदा जाऊन राहिला, आपला कूलर टाका, गाद्या टाका, तुळस टाका. उस्ताद हात जोडून म्हणाला, "ताई, सुटं सामान उडते, आतून हौदा ठोकून काढते, न इन्शुरन्सवाले त्याचे पैसे देत नाहीत. अन् बंगलोरले कूलर कायले?" कूलर शेजाऱ्यांना दिला, खसाच्या ताट्यांसकट.

निघाल्यावर त्यानं बुटीबोरीच्या पुढे थांबून पट्टे परत आवळले आणि फोटो पाठवला, पट्टे पहिल्या तासाभरात ढिले पडतातच म्हणे. मग जेवायला थांबला की फोटो, डिझेल भरलं की फोटो. ऑफिसच्या ट्रॅकिंगपेक्षा ह्या माणसाचं व्हॉट्सॲप बरं होतं.

डिलिव्हरीला उशीर झाला, ते मी उस्तादच्या डोक्यावर टाकत नाही. दिवसा बेंगळुरू शहरात जड वाहनांना बंदी असते हे ऑफिसला माहीत पाहिजे होतं, गाडी देवनहळ्ळीच्या बाहेर रात्र होईपर्यंत उभी राहिली आणि वरून ऑफिसचा फोन, डिटेन्शन चार्ज द्या, म्हणजे ट्रक थांबून राहिल्याचे पैसे. बिल्टीवर येलहंकाचा पूर्ण पत्ता आणि डोअर डिलिव्हरी लिहिलं होतं, ते वाचून दाखवलं, दहा मिनिटं वाद घातला, मग गप्प झाले.

उतरवल्यावर टॉर्चनं सगळी गाडी बघितली, हौद्याच्या डाव्या बाजूला बोटभर ओरखडा होता, चढवण्याआधीच्या फोटोत नव्हता. बहुतेक रस्त्यातल्या झाडाची फांदी. पावतीवर तसा रिमार्क लिहून उस्तादची सही घेतली आणि मगच माझी सही केली, हा क्रम उलटा करू नका. त्यानं काही आढेवेढे घेतले नाहीत. कंपनीनं नंतर टचअपचे पैसे दिले, खूप नाही पण दिले, फॉलोअप मात्र मलाच करावा लागला.

कागदांचं शेवटी लिहितो पण तुम्ही सुरुवातीला करा. राज्य बदलतं तर नागपूर आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, चालान बाकी असेल तर पहिले भरा. लय जुन्या गाड्यांचा रेकॉर्ड सरकारच्या "वाहन" पोर्टलवर नसतो, बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागते आणि त्याला किती वेळ लागेल हे त्या खिडकीवरच्या माणसाच्या मूडवर आहे. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथं परत नोंदणी आणि टॅक्स. पंधरा वर्षांनंतरची आरसी पाच-पाच वर्षांनी रिन्यू होते, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या लाईट गाडीची फी १०,००० केली, तेपण धरून चाला. कोणी सांगेल की व्हिंटेजमध्ये टाका, तर २०२१ च्या नियमात व्हिंटेजला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं लागतात आणि अशी गाडी रोज रस्त्यावर चालवताच येत नाही, आपल्याला २०४३ पर्यंत थांबावं लागेल. आणि दिल्लीकडे बदली झाली असेल तर एवढ्या जुन्या डिझेलचा नाद सोडा, गाडी काटोललाच राहू द्या.

परत पाठवायची वेळ आली तर ह्याच कंपनीकडे जाईन, पण बुकिंगच्या आधी यार्डात जाऊन विचारीन की गाडी कोण नेऊन राहिला. उस्तादचा नंबर माझ्याकडे आहे, इथं टाकणार नाही, वाडीत जाऊन टायरवरून पट्टे टाकणारा माणूस कोणता ते विचारा, सांगतील.