लोंबत्या कानातल्यांसाठी साहित्य: काय जड, काय हलकं

कानातल्यांचं साहित्य निवडताना मी आधी वजन बघते, रंगरूप नंतर. दिवसभर घालायचं कानातलं हुकासकट पाच ग्रॅमच्या आत बसलं पाहिजे, हा माझा नियम. कानाची पाळी ओढली गेली की कितीही देखणं कानातलं डब्यातच पडून राहतं.

तुलनेसाठी एकच आकार धरला: ४ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद, ३ मिमी जाड. म्हणजे ३.६ घन सेंमी. ॲक्रिलिकची घनता (एका घन सेंमीचं ग्रॅममधलं वजन) १.१९ च्या आसपास, त्यामुळे तुकडा सव्वाचार ग्रॅमचा होतो आणि हूक-कडी लावली की मर्यादेला टेकतो. रेझिन १.१ च्या आसपास, म्हणजे चार ग्रॅम. पण वर चकचकीत घुमट दिला की तोही फायदा गेला. एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली फळी) अडीच-पावणेतीन ग्रॅम, चांगलंच. बाल्सा हे अगदी हलकं लाकूड अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर भरतं, पण नख लागलं तरी खळगा पडतो. कानातल्यांसाठी मी ते घेत नाही.

आता पितळ. घनता ८.५ च्या घरात, म्हणजे याच मापाचा तुकडा तीस ग्रॅमचा! एवढं वाचून बरेच जण पितळ बाद करतात, ते मला अजिबात पटत नाही. ३ मिमी जाड पितळ कानात घालायचंच कशाला? अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा ताठ राहतो आणि पाच ग्रॅमच्या आसपास येतो. त्यात जाळी कापली, की ॲक्रिलिकपेक्षाही हलका. घनतेचा आकडा जाडीशिवाय वाचूच नये. ॲल्युमिनियम २.७, १ मिमी पत्र्याचा तुकडा सव्वातीन ग्रॅम. हलकं आहे, पण पितळेसारखं डाग देऊन सहज जोडता येत नाही.

पॉलिमर क्लेचे (भट्टीत भाजून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीचे) भरीव गोळे जड होतात. त्यावर उत्तम उपाय म्हणजे आत ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा. धातू असूनही वजन घटतं, कारण त्या गोळ्यात बहुतेक हवाच असते. फॉइल घट्ट दाबून गुळगुळीत केलं नाही तर भट्टीत क्लेवर फुगे येतात, तेवढं सांभाळा.

मण्यांचा हिशेब वेगळा. ८ मिमीचा काचेचा मणी पाऊण ग्रॅमच्या आत, पण १६ मिमीचा सव्वापाच ग्रॅमच्या वर: व्यास दुप्पट, वजन आठपट. मोठा मणी हवा तर लाकडीच घ्या.

हाताशी असलेल्या साहित्याची घनता माहीत नसेल तर वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला टेकू न देता. काट्यावर जितके ग्रॅम वाढतील तितके घन सेंमी. तुकड्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा. लाकूड तरंगतं, ते सुईच्या टोकाने खाली दाबावं. एमडीएफला मात्र आधी वॉर्निश द्या, नाहीतर ते पाणी पिऊन फुगतं.

रोजच्या मोठ्या आकारांना माझी पसंती वॉर्निश केलेल्या एमडीएफला, सणासमारंभाच्या जोडीला जाळीदार पितळेला. रेझिन मी पेंडंटसाठी राखून ठेवते, गळ्यात चार ग्रॅम जाणवतही नाहीत.