शेतातल्या पतंगांसाठी यूव्ही एलईडी दिवा: पावसाळा ते फाल्गुन

साकोलीकडच्या आमच्या गावी रात्रीचे पतंग बघायला आणि त्यांचे फोटो काढायला पावसाळ्यात हा यूव्ही (अतिनील) दिवा घेतला. तेव्हा अंगणातला साधा बल्बही पतंगांनी भरतो, म्हणून दिव्याची खरी पारख माघ-फाल्गुनात झाली. हवा कोरडी, रात्री गार, पतंग मोजके. तरी अवसेच्या आसपास, थंडी जरा ओसरलेल्या रात्री हा दिवा निराश करत नाही. चांदणं असलं तर मात्र घरीच बसावं.

३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचाच घ्या. ३९५ चे स्वस्त असतात, पण त्यांचा बराच उजेड आपल्यालाच जांभळा दिसतो. १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब याहून जोरदार, पण बांधीवर लाईन कुठून आणणार? हा पॉवर बँकेवर चालतो. चार्जिंगच्या तोंडाचं रबरी झाकण मात्र लवकर सैल झालं. दिव्याकडे थेट बघू नये, यूव्ही अडवणारा चष्मा लावावा.

पतंग बसायला दिव्याशेजारी लावायची सुती पांढरी चादर धुण्याच्या पावडरने धुतलेली असावी, पावडरमधल्या चमक देणाऱ्या द्रव्याने ती यूव्हीत निळसर उजळते. दिवा उंच टांगा, जमिनीवरून वर रोखू नका. उडणारे कीटक उजेडाकडे पाठ ठेवून तोल सांभाळतात, असं २०२४ च्या ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधल्या अभ्यासात दिसलं. उजेड खालून आला की ते उलटे होऊन खाली पडतात.

हरभरा शेजारीच, त्यामुळे घाटेअळीचा पतंग नेहमीचाच: पिवळट तपकिरी, पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद ठिपका. शेजारचे काका म्हणाले, “हाच घाटे खाते ना? मग मारत काहून नाही?” चादरीवरचे चार मारून शेत वाचत नाही, पण कधीपासून वाढले ते कळतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, पतंग माघ-फाल्गुनात शोधू नका. ऐनाच्या झाडावरच्या कोशात तो पावसाळ्याच्या तोंडापर्यंत झोपलेला असतो.

फोटोसाठी यूव्ही बंद करा, नाहीतर रंग जांभळट येतात. उजेड मऊ करणारा डिफ्यूझर लावलेला फ्लॅश, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११. पांढऱ्या चादरीने कॅमेरा फसतो आणि पतंग काळवंडतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवा.

दिव्याकडे न येणाऱ्या पतंगांसाठी गूळ, सडकं केळं आणि मोहफुलं आंबवून झाडाच्या सालीला फासा. झाडाकडे जाताना हाच दिवा पायाशी फिरवा: विंचू हिरवट चमकतो, लांबूनच दिसतो.