डोप्फर ए-१००: खर्ज-पंचमासाठी बांधलेला मॉड्युलर सिंथेसायझर

ए-१०० म्हणजे सुटी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल एका पेटीत बसवून, तारांनी एकमेकांना जोडून आपणच बांधायचं वाद्य. निकाल आधी सांगतो. रियाजाच्या मागे स्थिर सूर हवा, एवढीच गरज असेल तर हे घेऊ नका. रॅडेलचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा घ्या, नाहीतर फोनवरचं अ‍ॅप वापरा. दोन्ही चोख काम करतात आणि कोपऱ्यात मावतात. पण सूर आतून कसा घडतो हे ज्याला स्वतःच्या हातांनी बघायचंय, गाणाऱ्याच्या आवाजाबरोबर खुलणारा आणि मिटणारा सूर ज्याला हवाय, त्याने ए-१०० जरूर घ्यावा. मी घेतला, दोन ओळींचा बांधला, आणि आता तो आमच्या घरात रोज वाजतो.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत प्रेशर ट्रान्समीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह आणि चार ते वीस मिलिअँपिअरची लूप यांच्यात नोकरी झाली. सहकारनगरच्या घरी बायको गाणं शिकवते. तिचा सा काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी. तिच्या गाण्याला साथ करेल असं काही उभारायचं, हा हेतू पहिल्यापासून पक्का होता आणि मॉड्युलरमध्ये हेतू पक्का असणं फार महत्त्वाचं आहे. हजारो मॉड्यूल बाजारात आहेत. ‘पुढे काय वाजवायचं ते बघू’ म्हणून जो सुरुवात करतो त्याची पेटी भरते, पण वाद्य तयार होत नाही.

म्युनिकजवळच्या ग्रेफेल्फिंगमध्ये डीटर डोप्फर यांची कंपनी आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी ए-१०० आणला आणि त्याचीच मापं पुढे ‘युरोरॅक’ म्हणून जगभर रूढ झाली. पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ‘एचपी’मध्ये, एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. मला हे नवीन नव्हतं. कारखान्यातल्या कंट्रोल पॅनेलमधले सबरॅक, म्हणजे कार्डं बसवायचे सांगाडे, याच १९ इंची घराण्यातले. कंट्रोल व्होल्टेजची (सीव्ही), म्हणजे एका मॉड्यूलने दुसऱ्याला व्होल्टेजने हुकूम देण्याची, कल्पनाही ओळखीची निघाली: एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर जातो. म्हणजे अर्धस्वराला ८३.३ मिलिव्होल्ट, सेंटला, म्हणजे अर्धस्वराच्या शंभराव्या भागाला, एक मिलिव्होल्टपेक्षाही थोडं कमी. त्यामुळे चांगला मल्टिमीटर जवळ ठेवा.

आखणीसाठी दोन गोष्टी वापरल्या. व्हीसीव्ही रॅक हे कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर आहे, त्याची एक आवृत्ती फुकट मिळते. त्यात मी आधी सगळा पॅच, म्हणजे मॉड्यूलांची तारांनी केलेली जोडणी, बांधून बायकोला ऐकवला आणि मगच खरेदीकडे वळलो. दुसरी मॉड्युलरग्रिड ही वेबसाइट. तिथे मॉड्यूल ओढून आपली पेटी कागदावर मांडल्यासारखी मांडता येते आणि रुंदी, खोली, वीज यांची बेरीज आपोआप होते. खोलीकडे लोक लक्ष देत नाहीत. पेटी उथळ असेल तर मॉड्यूल मागे टेकतं आणि स्क्रू बसत नाहीत.

विजेचा हिशेब मात्र स्वतः करा. सप्लाय तीन व्होल्टेजचा असतो: अधिक १२, उणे १२ आणि काही मॉड्यूलना लागणारा ५. प्रत्येक लाइनची वेगळी बेरीज करायची आणि त्यावर तीस टक्के मोकळीक ठेवायची. सप्लाय कायम शिगोशिग चालवला तर तापतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच तापलेली असते. मॉड्यूलला वीज देणाऱ्या चपट्या रिबन केबलची लाल कड उणे १२ च्या बाजूला येते. मॉड्यूल लावल्यावर वीज चालू करण्याआधी प्रत्येक केबल पुन्हा तपासा, कारण उलटी बसली तर मॉड्यूल जळू शकतं. पुण्यासाठी आणखी एक: पेठांमधल्या जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण त्यामागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून आधी अर्थिंग बघून घ्या. घरघर आली की लोक मॉड्यूलला दोष देतात आणि तिचं कारण भिंतीत असतं.

सप्लाय, वीज वाटणारा बस बोर्ड आणि मॉड्यूल स्क्रूने बसवायच्या रेल डोप्फरच्याच घेतल्या. लाकडी पेटी मात्र इथे करवली. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून सागवानाच्या फळ्या आणल्या आणि ओळखीच्या सुताराला मापं लिहून दिली. ८४ एचपीची एक ओळ ४२७ मिलिमीटर भरते. अशा दोन ओळी, पाठीमागे हवेला फटी, आणि समोरचा कोन हार्मोनियमसमोर बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल असा. जर्मनीहून लाकूड आणवण्यात अर्थ नाही, वजनाचंच कुरिअर अंगावर येतं.

आता आत काय आहे ते. सूर निर्माण करणारे तीन ए-११०-१ ऑसिलेटर, सुराचा वरचा भाग कापणारा एक ए-१२० फिल्टर, दोन ए-१३२-३ (प्रत्येकात दोन व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारे अ‍ॅम्प्लिफायर), दोन ए-१३८ मिक्सर, संथ लाट देणारे दोन ए-१४५ एलएफओ, माइकचा आवाज आत घेणारं एक ए-११९, इशारा मिळाला की चढत-उतरतं व्होल्टेज देणारं एक ए-१४० एनव्हलप, घुमारा देणारा एक ए-१९९ स्प्रिंग रिव्हर्ब, आणि एक सिग्नल अनेकांना वाटणारे दोन मल्टिपल. एक चार एचपीचं पॅनेल माझं स्वतःचं. सगळे मिळून १२२ एचपी. १६८ पैकी उरलेल्या जागेवर कोरी पॅनेल लावली, कारण उघडी जागा राहिली की पावसाळ्यात दमट हवा आणि एरवी धूळ थेट जॅकवर जाते.

तीन ऑसिलेटर म्हणजे खर्ज, पंचम आणि सा. काळी चारला सा २०७.६५ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा १०३.८३, आणि मधला पंचम १५५.७४. गुणोत्तर दोनास तीनास चार. हा पंचम पियानोचा नाही. पियानोच्या पट्टीतला पंचम दोन सेंटने खाली असतो आणि दोन सेंट ऐकून काय कळणार असं वाटतं. पण प्रत्येक सुरात त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले स्वरांश मिसळलेले असतात. खर्जाचा तिसरा स्वरांश आणि पंचमाचा दुसरा स्वरांश एकाच जागी, ३११ हर्ट्झच्या आसपास येतात. पियानोचा पंचम लावला की त्या दोघांत साधारण दर तीन सेकंदांना एक आंदोलन ऐकू येतं. सूर हलतो. ट्यूनरवर भरवसा न ठेवता कानाने ते आंदोलन थांबवत गेलं की एका जागी सगळं शांत होतं. म्हणूनच मी क्वांटायझर हे मॉड्यूल घेतलंच नाही. बहुतेक क्वांटायझर सूर बारा समान घरांत बसवतात, आणि आपलं गाणं त्या घरांत बसत नाही. गंधाराचा फरक तर चौदा सेंटचा आहे.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची कंपनं मोजायचा ध्यास घेतला होता आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना गाऊन साथ दिली. ती माणसं हे सगळं तारा आणि कान यांच्या जोरावर करत होती. ऑसिलेटरचा नॉब फिरवताना त्यांची आठवण येते.

ए-१२० हे लॅडर फिल्टर, अमेरिकन मूग सिंथेसायझरमधल्या पद्धतीचं. इथे मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. ऑसिलेटरच्या सॉ वेव्हमध्ये, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या लाटेत, सगळे स्वरांश भरलेले असतात. रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथला सूर उठावदार करणारा नॉब) वाढवून, ए-१४५ च्या अगदी संथ लाटेने फिल्टर उघडत नेला की ते एकेक करून उजळतात. ए-१४५ इतका हळू चालू शकतो की एक फेरी कित्येक मिनिटं चालते. त्यात खर्जाच्या पाचव्या स्वरांशावर फिल्टर आला की गंधार ऐकू येतो. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार तो हाच. पहिल्यांदा तो स्पष्ट आला तेव्हा बायको शिकवता शिकवता थांबली आणि म्हणाली, “हा कुणी लावला?” कुणीच लावला नव्हता. एकही ऑसिलेटर गंधारावर नव्हता.

या जातीच्या फिल्टरचा एक गुणधर्म आखणीतच धरावा लागतो. रेझोनन्स वाढवला की खालचा भाग पातळ होतो. म्हणून खर्जाची एक तार फिल्टरमधून न नेता थेट दुसऱ्या मिक्सरला दिली आहे. दोन मिक्सर लागतात ते यासाठी. व्हीसीएही लागतील असं वाटतं त्यापेक्षा जास्त घ्या. माझ्याकडे चार आहेत आणि चारही कामात असतात: तिन्ही सुरांना एकेक, चौथा रिव्हर्बकडे. तार छेडल्याची नक्कल मी करत नाही. तिन्ही सूर आपापल्या संथ लयीत वर येतात आणि ओसरतात. एलएफओची लाट शून्याच्या खालीही जाते, तेव्हा व्हीसीए पूर्ण बंद होतो. ए-१३२-३ वरचा हाताचा गेन नॉब थोडा उघडा ठेवला की सूर तुटत नाही.

आणि ए-११९. याच्यासाठीच ही सगळी खटपट. याला माइक जोडता येतो, आवाज वाढवून आत घेता येतो, आणि आवाज जितका मोठा तितकं व्होल्टेज बाहेर येतं. ते व्होल्टेज मी फिल्टरला दिलंय. बायको खर्जात हळू आलाप करते तेव्हा मागचा सूर मिटलेला असतो, ती तार सप्तकाकडे जाते तसा तो उजळतो. ए-११९ मधून गेट, म्हणजे चालू-बंद असा इशाराही निघतो. आवाज ठरावीक पातळीवर गेला की तो ए-१४० ला सुरू करतो, आणि मी त्याने रिव्हर्ब हळूच उघडतो. एक विद्यार्थिनी गाताना मध्येच म्हणाली, “काका, हा माझं ऐकतोय!” बरोबर म्हणाली.

यात फॅंटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माइकला लागणारी वीज नाही, त्यामुळे साधा डायनॅमिक माइक वापरा आणि तो तोंडाजवळ ठेवा. स्पीकर गाणाऱ्याच्या समोर ठेवला तर माइक सिंथचाच सूर पकडतो, फिल्टर स्वतःलाच उघडत राहतो. आमचा स्पीकर जमिनीलगत, माइकच्या पाठीमागे आहे. आणखी एक काळजी: मॉड्युलरमधला सिग्नल दहा व्होल्टच्या आसपास हेलकावतो, घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला तो फार मोठा आहे. शेवटच्या मिक्सरचा नॉब अगदी खालून सुरू करा.

आता उणिवा. ए-११०-१ ला फाइन ट्यून नाही. सप्तक बदलायचा स्विच आणि एकच ट्यून नॉब. केसभर हलला तरी सूर कितीतरी सेंट सरकतो, आणि जोडाच्या तारांसारखं सूक्ष्म जुळवायचं तर हे पुरत नाही. उपाय असा: दुसऱ्या सीव्ही इनपुटला एक स्थिर व्होल्टेज द्या आणि तिथला अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा नॉब, जवळजवळ बंद ठेवा. तोच मग फाइन ट्यूनचं काम करतो. दुसरी उणीव तापमानाची. चालू केल्यावर वीसेक मिनिटं सूर स्थिर होत नाही, आणि उन्हाळ्यात पंखा लावला-बंद केला तरी पुन्हा कानाने बघावं लागतं. तिसरी, नॉबांची दाटी. पॅच कॉर्ड, म्हणजे जोडणीच्या तारा लावल्यावर जाड बोटांना नॉब फिरवणं अवघड जातं आणि अक्षरं बारीक आहेत. रिव्हर्बची स्प्रिंग ट्रान्सफॉर्मरपासून लांब बसवा, नाहीतर घरघर पकडते. माझी पेटीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

माझं स्वतःचं पॅनेल काय करतं ते सांगतो, कारण ते पुण्यात सहज करता येतं. शिष्याची पट्टी वेगळी असते. सा बदलला की तिन्ही ऑसिलेटर एकत्र सरकायला हवेत आणि त्यांचं आपसातलं गुणोत्तर तसंच राहायला हवं. एकच व्होल्टेज तिघांना दिलं की ते आपोआप होतं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातून दहा फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर आणि ऑप-अ‍ॅम्प आणले, व्होल्टेज रेफरन्स जोडला, दोन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलं. ते व्होल्टेज वाटायला ए-१८०-३ हा बफर असलेला मल्टिपल वापरा. साध्या मल्टिपलवरून तीन ऑसिलेटरना दिलं तर व्होल्टेज थोडं पडतं, आणि एक टक्का पडला तरी दर सप्तकाला बारा सेंटचा घोटाळा होतो. आता काळी एकचा मुलगा आला तरी नॉब फिरवायचा आणि सा लावायचा, बस्स.

मिरजेच्या तंबोऱ्याची जागा हे घेत नाही. भोपळ्यातून आणि जवारीतून येणारं ते भरलेपण तीन ऑसिलेटरांत नाही. घरात तंबोरा आहे आणि मैफलीला तोच जातो.

आपल्याकडे हे सगळं फार नवं आहे असंही नाही. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला होता. मग घरोघरी पोचायला इतकी वर्षं का लागली? किंमत हे मोठं कारण. डोप्फर या जगात स्वस्तांतला गणला जातो, तरी युरोतल्या किमतीवर कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो. म्हणून सुटं सुटं मागवू नका, दोन खेपांत मागवा. पहिल्या खेपेत सप्लाय, रेल, एक ऑसिलेटर, ए-१२०, एक ए-१३२-३, एक ए-१३८, एक ए-१४५ आणि मूठभर पॅच कॉर्ड. एका सुरात एवढ्यावर बरेच महिने काम करता येतं. दुकानदार सांगतील की ए-११९ नंतर घ्या, ते फारसं कुणी घेत नाही. गाणारं माणूस घरात असेल तर ते पहिल्याच खेपेत घ्या.