टॅलिनमधील घरगुती विजेची बाजारभाव योजना : एक परीक्षण

एस्टोनियात घरगुती वीजग्राहकाला ठरावीक दराची योजना घेता येते किंवा बाजारभावाची. आमच्याकडे दुसरी आहे, आणि ज्यांना विजेचा वापर थोडा मागेपुढे करता येतो अशा कुटुंबांना मी तीच सुचवेन. नॉर्ड पूल या अनेक युरोपीय देशांच्या सामाईक वीजबाजारात ठरलेला भाव आणि त्यावर विक्रेत्याची थोडी आकारणी, असा हिशेब सरळ आहे. उद्याचे भाव आज दुपारीच मोबाइलवर दिसतात. ऑक्टोबर २०२५ पासून ते पंधरा-पंधरा मिनिटांचे असतात. उन्हाळ्यात भर दुपारी सौरऊर्जेमुळे भाव कधी कधी शून्याखाली जातो, तेव्हा आम्ही बॉयलर आणि वॉशिंग मशीन लावतो. वीज तेव्हाही फुकट पडत नाही, कारण वाहिनीशुल्क, नवीकरणीय ऊर्जेचा आकार आणि कर वेगळे द्यावेच लागतात.

हिवाळ्यात वारा पडलेल्या संध्याकाळी मात्र ही योजना महाग पडते, आणि स्वयंपाक काही मध्यरात्रीवर ढकलता येत नाही. १७ ऑगस्ट २०२२ रोजी तर बाल्टिक देशांत (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) तासाभरासाठी भाव युनिटला चार युरोंपर्यंत गेला होता.

इतक्या छोट्या देशाचा भाव त्याच्या एकट्याच्या हातात नाही, हे इथे बिलातूनच कळते. फिनलंडहून येणारी ६५० मेगावॅटची एस्टलिंक २ ही समुद्राखालची केबल २५ डिसेंबर २०२४ रोजी तुटली आणि जून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात तिकडची स्वस्त वीज पुरेशी येऊ शकत नव्हती. त्याच फेब्रुवारीत तिन्ही बाल्टिक देश रशियाशी जोडलेल्या जाळ्यातून बाहेर पडून पोलंडमार्गे युरोपच्या जाळ्यात सामील झाले. सोपी-तूत्सीसारखे मोठे पवनऊर्जा प्रकल्प हवेतच, पण शेजाऱ्यांशी जोडणाऱ्या केबलींवरचा खर्चही मला तितकाच निकडीचा वाटतो.

माझी खरी तक्रार 'हरित वीज' या जादा पैशांच्या पर्यायाबद्दल आहे. त्यात वापराइतकी उगम-प्रमाणपत्रे, म्हणजे तितकी वीज कुठेतरी नवीकरणीय स्रोतातून तयार झाल्याचे दाखले, घेतली जातात. प्रत्यक्षात वारा नसलेल्या, गोठलेल्या संध्याकाळी ईशान्य एस्टोनियातील नार्वाकडची, तेलयुक्त शेल हा खडक जाळणारी केंद्रेही चालू असू शकतात. विक्रेत्यांनी हे करारावर ठळकपणे लिहायला हवे. ज्यांचे घर विजेवरच तापते आणि भिंतींना नीट उष्णतारोधन नाही, त्यांनी हिवाळ्यापुरता तरी ठरावीक दर घ्यावा.