आठवी-नववीची शिकवणी: घरी येणारे सर, छोटी बॅच, मोठा क्लास की ऑनलाइन?

मे महिना संपत आला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास प्रश्न येतो: "नववीच्या गणिताला कोण चांगलं आहे?" पाच मिनिटांत चार नंबर मिळतात. मूल नेमकं कुठं अडलंय, हे मात्र कोणी विचारत नाही. पाया कच्चा आहे, अभ्यासाला बसायचाच कंटाळा आहे, की सगळं येत असूनही पेपर हातात पडला की घाम फुटतो? या तिघांना एकाच ठिकाणी पाठवून चालत नाही.

इथं मी राज्य मंडळाच्या आठवी ते दहावीपुरतं आणि त्यातही गणित-विज्ञानाबद्दल लिहितेय, कारण बहुतेक शिकवण्या त्यासाठीच लागतात. माझा कल आधीच सांगून टाकते: गणितात मागे पडलेल्या, पण शिकायची तयारी असलेल्या मुलासाठी एखाद्या सरांच्या किंवा बाईंच्या घरी चालणारी पाच-सहा जणांची बॅच सगळ्यात बरी.

कारण साधा हिशेब आहे. क्लासच्या एका तासाला 40 मुलं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. दीड तासाच्या बॅचला सहा जण असले तर 15 मिनिटं. घरी येणाऱ्या सरांचा सगळा वेळ एकट्या मुलाचा, हे खरं. पण छोट्या बॅचमध्ये शेजारचाही चुकतो, तोही "परत सांगा ना" म्हणतो, आणि आपल्यालाच येत नाही ही लाज निम्मी होते. एकट्या शिकवणीत हे मिळत नाही. तरीही जे मूल चार जणांसमोर तोंडच उघडत नाही, त्याला आधी काही महिने घरची शिकवणी द्यावी आणि मग बॅचमध्ये घालावं.

प्रकार ठरला तरी माणूस निवडायचा उरतोच. डेमोला बसाल तेव्हा सर किती छान समजावतात याकडे कमी लक्ष द्या. छान समजावणारे यूट्यूबवर फुकट आहेत. मूल चुकल्यावर ते काय करतात, ते बघा. उदाहरणार्थ, एकसामयिक समीकरणं सोडवताना मुलानं 3 मधून उणे 2 वजा केले आणि उत्तर 1 लिहिलं. यायला हवे होते 5. एक प्रकारचे सर म्हणतात, "अरे चिन्ह बदल, किती वेळा सांगायचं?" आणि पेन घेऊन स्वतःच पुढचं सोडवून देतात. वहीत उत्तर बरोबर येतं, पण पुढच्या गणितात तीच चूक पुन्हा होते. दुसरे सर काहीच सांगत नाहीत. "आलेली किंमत पहिल्या समीकरणात घालून बघ बरं," म्हणून थांबतात. दोन्ही बाजू जुळत नाहीत हे मुलाला स्वतःलाच दिसतं, ते मागे जातं, वजाबाकीपाशी अडखळतं. मग सर संख्यारेषा काढतात. यात पाच-सात मिनिटं जातात, पोर्शन मागे राहतो, आणि बाहेरून बघणाऱ्या पालकाला वाटतं की हे फारच हळू शिकवतात. मी तरी डोळे झाकून यांनाच निवडेन. पदवी, अनुभव, मागच्या वर्षीचे टक्के हे सगळं त्याच्या नंतर.

मोठ्या क्लासची बाजूही मांडायला हवी. ज्या मुलाला बऱ्यापैकी येतं पण घरी हात चालत नाही, त्याला क्लासच्या चाचण्यांचा फायदा होतो. दहावीला गणिताचे भाग 1 आणि भाग 2 असे 40-40 गुणांचे दोन पेपर असतात. घड्याळ लावून ते पुन्हा पुन्हा सोडवायची सवय क्लास लावतो. एखादे सर आजारी पडले तर बदली शिक्षक येतो. घरगुती बॅचला त्या दिवशी सुट्टी. पण चौकातल्या फ्लेक्सवरची 98 टक्केवाली मुलं बघून भुलू नका. क्लासनं 60 वरून 75 वर आणलेली मुलं फ्लेक्सवर येत नाहीत, आणि तुम्हाला गरज त्यांच्याशी बोलायची असते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या काही उगाच नाहीत. त्याआधी जानेवारी 2024 च्या केंद्राच्या सूचनांमध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरमध्ये प्रवेश देऊ नये असंही म्हटलंय. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्यानं आठवी-नववीचे क्लास सर्रास चालू दिसतात. त्यातली एक सूचना मात्र पालकानं लक्षात ठेवावी: मधेच सोडल्यास उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत. 50 हून जास्त मुलं असलेल्या केंद्रांसाठी त्या सूचना आहेत, तेव्हा प्रवेश घेतानाच हे पावतीवर लिहून मागा.

ऑनलाइन एकास-एक शिकवणी मी शेवटी ठेवते, पण दोन प्रसंगी तीच पहिली. गावात नववी-दहावीचं विज्ञान धड शिकवणारं कोणी नसेल तर, किंवा सेमीच्या मुलाला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत समजावणारं जवळपास कोणी मिळत नसेल तर. अट एकच: सरांना मुलाची वही दिसली पाहिजे, चेहरा नव्हे. जुना मोबाईल स्टँडवर उलटा लावून कॅमेरा वहीवर ठेवला की काम भागतं. नुसतं "समजलं का?" "हो सर" चालू असेल तर ते लेक्चर आहे, शिकवणी नाही. वर्षाचं पॅकेज कर्जाच्या हप्त्यांवर घेऊ नका. शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर 2021 मध्येच याबद्दल पालकांना सावध केलं होतं, आणि 2024 मध्ये बायजूजसारखी बलाढ्य कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली आपण पाहिली. महिन्याचे पैसे महिन्याला. नुसते व्हिडिओच बघायचे असतील तर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करा, दीक्षा अ‍ॅपवर फुकट आहेत.

एक पाचवा पर्याय लोक हळू आवाजात सुचवतात: शाळेतल्याच बाईंकडे लावून टाका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. शिवाय अंतर्गत 20 गुण ज्यांच्या हातात, त्यांनाच फी द्यायची हे मुलालाही कळतं. नकोच ते.

घरी सर येणार असतील तर अभ्यास हॉलमध्ये, दार उघडं आणि घरात कोणीतरी मोठं माणूस. निरोपांचा ग्रुप पालकासह. हे पहिल्याच दिवशी मोकळेपणानं सांगावं. चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. घरच्या शिकवणीचा दुसरा धोका जास्त नेहमीचा: दोन महिन्यांत सर गृहपाठ उरकून देणारे होतात.

आणि मूल हुशार असूनही वाचताना ओळी गाळतं, फळ्यावरचं उतरवताना आकडे उलटसुलट करतं, वर्षानुवर्षं शिकवणी लावूनही तिथंच आहे, तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवा. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी विभाग आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. अशा मुलाला विशेष शिक्षक लागतो, आणखी एक क्लास नाही.

जूनमध्ये काहीही निवडलं तरी सहामाहीपर्यंत वही चाळत राहा. सगळी गणितं बरोबर, स्वच्छ, एकही खाडाखोड नाही, अशी वही दिसली तर फळ्यावरचं उतरवणं चाललंय असं समजा. खाडाखोड, बाजूला कच्चं काम, मुलाच्याच अक्षरात केलेली दुरुस्ती दिसली तर गुण अजून वाढले नसले तरी शिकवणी बदलू नका. बदलायचीच असेल तर दिवाळीची सुट्टी बरी: सहामाहीचे पेपर हातात असतात, आणि नव्या सरांना तेच पहिल्या दिवशी दाखवता येतात.