कोरड्या खोकल्याची बाटली की कफाची?

"घरात खोकल्याचं औषध आहे, तेच देऊ का?" पावसाळा लागला की मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. मी उलट दोनच गोष्टी विचारतो. खोकला कोरडा आहे की कफाचा? आणि ती बाटली डॉक्टरांनी कोणाला लिहून दिली होती? यातलं एक उत्तर जरी डळमळलं, तरी बाटली कपाटातच राहू द्या.

दोन्ही बाटल्या दिसायला जुळ्या बहिणी, काम मात्र उलटं. कोरड्या खोकल्याच्या औषधात बहुधा डेक्स्ट्रोमिथॉर्फन आणि क्लोरफेनिरामाइन असतं. पहिलं मेंदूकडून येणारी खोकल्याची उबळ दाबतं, दुसरं शिंका आणि वाहतं नाक आवरतं. कफाच्या बाटलीत अँब्रोक्सॉल किंवा ब्रोमहेक्सिन कफ पातळ करतं. जोडीला बऱ्याचदा लेव्होसालब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असतं, ते श्वासनळ्या सैल करतं.

अदलाबदल झाली तर? छातीत कफ घरघरतोय आणि खोकलाच दाबला, तर कफ आतच साचतो. उलट कोरड्या ढासेला कफाचं औषध दिलं तर फायदा फारसा नाही, वर हात थरथरणं आणि छाती धडधडणं पदरी. माझ्या मते पहिली चूक जास्त महागात पडते.

गाडी चालवायची असेल तर कोरड्या खोकल्याची बाटली नको, झापड येते. दारूबरोबर तर अजिबात नको. प्रोस्टेटमुळे लघवी अडते किंवा काचबिंदू आहे, त्यांनी क्लोरफेनिरामाइन आहे का ते बघावं. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटालोप्राम चालू असेल तर डेक्स्ट्रोमिथॉर्फन घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. ही गोष्ट लोक संकोचाने लपवतात. हृदयाचा किंवा थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांना कफाची बाटली जपून. मधुमेह असेल तर दोन्हींत साखर बघा. सर्दीच्या औषधात पॅरासिटामॉल असेल तर तापाची वेगळी गोळी घेण्याआधी विचारा, नाहीतर डोस दुप्पट होतो. कोडीन, म्हणजे अफूच्या वर्गातलं खोकला दाबणारं औषध, असलेली बाटली शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत येते. तिची नोंद आम्हाला वेगळ्या वहीत ठेवावी लागते, तेव्हा "चिठ्ठी नंतर आणतो" म्हणून उपयोग नाही.

लहान मुलांच्या बाबतीत ही तुलनाच मी बाजूला ठेवतो. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत. त्याआधीच मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ हे खोकल्याचं सिरप घेतलेल्या मुलांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या होत्या. वीसहून अधिक दगावली, त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. तपासणीत सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघालं. चालतं ते फार तर 0.1 टक्का. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये याच विषाने 14 रुग्ण गेले होते, तेव्हा ते ग्लिसरीनमधून आलं होतं. हे विष चवीला गोडसर, वासावरून ओळखता येत नाही. म्हणून बिल जपा आणि बाटलीवरचा बॅच नंबर खोडू देऊ नका. औषध चालू असताना मुलाची लघवी कमी झाली किंवा सारख्या उलट्या होऊ लागल्या तर थेट दवाखाना गाठा, बाटली सोबत न्या. एक वर्षावरच्या मुलाला थोडा मध चालतो, त्याआधी मधही नको.

मापाचं म्हणाल तर घरातला चमचा नको. कोणाचा 3 मिलीचा, कोणाचा 8 चा. बाटलीसोबतचं झाकणच वापरा.

आणि काही खोकल्यांना दोन्ही बाटल्या कुचकामी. रक्तदाबाची रामिप्रिल किंवा एनालाप्रिल गोळी सुरू झाल्यापासून कोरडी ढास लागली असेल, तर डॉक्टर गोळी बदलतील, तेव्हाच ती थांबेल. दोन आठवडे उलटूनही खोकला जात नसेल, तर सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्या, ती मोफत होते.